पापणी शिवणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पण भाकरी उलटायचा किंवा निखारे उचलायचा चिमटा समजाल, तर मला राग येईल. मी डोळ्यांच्या दवाखान्यातला, सुई धरून टाके घालणारा चिमटा. डॉक्टर मंडळी मला ‘नीडल होल्डर’ म्हणत. सध्या माझा मुक्काम सिल्वासा शहरात, आमली भागातल्या एका चाळीत, पत्र्याच्या डब्यात आहे. डब्यात माझ्यासोबत बटणं आहेत, दोऱ्याची रिळं आहेत आणि लाल लोकरीचा एक गुंडा आहे. शेजार वाईट नाही, पण त्यांच्याशी बोलायचं तरी काय? त्यांच्यापैकी कुणी माणसाचा डोळा माझ्याइतक्या जवळून पाहिलेला नाही. म्हणून मी तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची कांब तापवली, ठोकली, कानशीने घासली आणि दोन पाय व दोन बारीक जबडे असा मी तयार झालो. मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटी आपल्या मिशीचा एक केस उपटला, माझ्या जबड्यात धरला आणि ओढला. केस तुटला, पण सुटला नाही. तेव्हा तो खूश होऊन हसला, आणि आपण काहीतरी खास आहोत असं मला वाटायला लागलं. ती घमेंड अजून पुरती गेलेली नाही.

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. तिथून मला एका तरुण डॉक्टरबाईंनी उचललं. त्यांचं नाव सुवर्णा. नुकतंच शिक्षण संपलेलं, आणि बोटं अशी हलकी की त्यांच्या हातात मला माझं वजनच जाणवेना. माझ्यासोबत त्यांनी एक बारीक कात्रीही घेतली. ही कात्री भारी तोऱ्याची. ‘मी कापते म्हणून तुला शिवायला मिळतं,’ असं ती येता-जाता ऐकवायची. मी उत्तर देत नसे. जबडे मिटून राहणं हेच तर माझं काम!

डॉक्टरबाईंचे यजमान विजयराव इंजिनियर होते. त्या वर्षांत सिल्वासात एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि पुण्या-नाशिकचे कितीतरी इंजिनियर तिकडे निघाले होते. विजयरावांना एका सुताच्या कारखान्यात नोकरी लागली आणि १९८६ साली आम्ही सगळे सिल्वासात आलो. बाईंनी आमलीत दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. मदतीला सुकदेव नावाचा कंपाउंडर ठेवला. तो मूळचा धुळ्याकडचा, पण एका वाक्यात तीन भाषा बोलायचा. ‘बेन, बसा, डॉक्टरबाई अब्बी आवे छे,’ असं त्याने म्हटलं की बाकावर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्याच मुलखातला.

तुम्ही म्हणाल, डोळ्यात शिवायचं ते काय? सांगतो. आपली खालची पापणी डोळ्याला खालून आधार देते. तिची दोन्ही टोकं दोन कोपऱ्यांना बांधलेली असतात. नाकाकडच्या कोपऱ्याजवळ तिच्या कडेला एक बारीकसं छिद्र असतं. डोळ्यातलं पाणी त्यातून नाकात उतरतं. वय झालं की पापणीचं बाहेरचं टोक सैल पडतं. मग पापणी बाहेर उलटते, छिद्र डोळ्यापासून सुटतं आणि पाणी गालावर वाहायला लागतं. आतली लाल बाजू उघडी पडते ती वेगळीच. काहींची पापणी उलट आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासत राहतात. त्यांचा त्रास आणखीनच वाईट.

बाई आधी खालची पापणी बोटांच्या चिमटीत धरून हलकेच पुढे ओढायच्या आणि सोडून द्यायच्या. चांगली पापणी टपकन जागेवर बसते. सैल पापणी तशीच लोंबत राहते, माणसाने डोळा मिचकावला की मग कुठे सावकाश मागे जाते. अशी पापणी घट्ट करायच्या तऱ्हा अनेक. काही डॉक्टर पापणीतूनच पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून कडा जोडत. आमच्या बाई बहुतेक वेळा बाहेरच्या कोपऱ्यात काम करायच्या. तिथे पापणीचं टोक मोकळं करायचं, त्याची बारीक पट्टी करायची आणि ती कोपऱ्याच्या हाडावरच्या आवरणाला आतून टाका घालून बांधायची. खाटेची नवार सैल पडली की आपण ती कडेला ओढून बांधतो, तसंच. आणि हा टाका घालायचा माझ्याच जबड्यांनी. तिथे कात्रीचं काही चालत नसे.

ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात खोड्या फार. कमी ओढलं तर पापणी पुन्हा लोंबते. फार ओढलं तर ती डोळ्याच्या गोलाव्याखाली घसरते आणि डोळा नीट मिटत नाही. कधी आत रक्त साकळतं, कधी पू होतो, कधी शरीराला धागाच नकोसा होतो आणि तो गाठीसकट वर येतो. जवळच्या खडोलीतल्या एका कारखान्याचे रखवालदार झुंबरबाबा आमच्याकडे आले होते. त्यांच्या पापणीची कातडी पूर्वी दुसऱ्या कुठल्याशा गावी कुणीतरी जरा जास्तच कापली होती. तो डोळा झोपेतही उघडा राहायचा. ‘शेठ खूश हायेत. म्हनतात, झुंबर झोपला तरी त्याचा एक डोळा पहाऱ्यावर ऱ्हातो,’ असं सांगून ते स्वतःच हसायचे. पण उघडं राहून बुबुळ कोरडं पडलं होतं आणि त्यावर पांढरा डाग आला होता. बाईंनी कानामागची थोडी कातडी काढून पापणीला लावली. डोळा मिटायला लागला, पण त्या डोळ्याची गेलेली नजर काही परत आली नाही. त्यानंतर बाई कुठलीही पापणी ओढताना फार जपून ओढत.

आणि मग १९९० साली कमळाबाई आल्या.

साठीच्या आसपासचं वय, काटक अंग, डोक्यावर पदर. गाव चाळीसगावकडचं. यजमान गेल्यावर मुलगा वाल्मिक त्यांना इकडे घेऊन आला होता. तो खडोलीच्या कारखान्यात सुताच्या यंत्रावर कामाला होता. कमळाबाईंचा उजवा डोळा छान होता. डाव्याची खालची पापणी मात्र बाहेर उलटलेली, आतून लालभडक, आणि डोळ्यातून पाण्याची धार. ती धार त्या पदराने गालाकडे खसकन ओढून पुसत. वर्षानुवर्षं असं पुसून पापणी आणखी खाली आली होती.

“कधीपासून पाणी येतंय, कमळाबाई?” बाईंनी विचारलं.

“लई वर्सं झाली, बाई. माहा मानूस गेला तवा खरंखुरं रडले. पन कोनाले समजलंच नही. समद्याले वाटलं, हिचं तं रोजचंच पानी हाये.”

बाईंनी स्वच्छ कापसाने तो डोळा टिपला, आणि टिपता टिपता दुसरं पाणी आलं.

पण कमळाबाई त्या दुःखासाठी आल्या नव्हत्या. त्यांना नात झाली होती, गुड्डी. आणि त्या गुड्डीला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. सून प्रमिला त्यांना बाळाजवळ येऊ देत नव्हती.

“पाळन्यापासी गेले का सून म्हनते, आत्याबाई, तुमचे डोये आलेत, पोरीले लागतील. घरात एकच खोली, बाई. पोरगी तिथंच रडते, मी इथं दारात बसते. हात नुसते शिवशिवतात.”

प्रमिला वाईट होती असं समजू नका, मित्रांनो. तिचं पहिलं मूल तापाने गेलं होतं. त्यात त्या वर्षी चाळीत डोळ्यांची साथ आलेली. बाईंनी तिला मुद्दाम दवाखान्यात बोलावलं. ती गुड्डीला खांद्यावर घेऊन आली. बाईंनी समजावलं, की हा साथीचा रोग नाही, पापणी सैल पडली आहे, हे कुणालाही लागत नाही. प्रमिलाने सगळं ऐकलं, मान डोलवली, आणि तेवढ्यात सासू जवळ सरकली तशी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“तुमचं खरं असंल, बाई. पन एक गेलं ना माझं. मले भ्या वाटतं,” ती म्हणाली. “डोया बरा होऊ द्या. माह्या हातानं पोरगी त्यांच्या मांडीवर देईन. सपथ.”

कमळाबाईंनी ते शब्द धरून ठेवले. पहिल्या मुलाच्या धसक्याने गुड्डीचं बारसंही लांबणीवर टाकलं होतं, ते आता तोंडावर आलं होतं. बारशाला नातीच्या डोळ्यांत आपल्या हातचं काजळ घालायचं, एवढीच त्यांची आस होती. “तेवढ्याआधी करा बाई काय ते,” त्या म्हणाल्या.

तशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या कोपऱ्यापुरतीच जागा बधिर करायची असल्यामुळे कमळाबाई जाग्या होत्या आणि सारखं बोलत होत्या. गावच्या घरामागचं लिंबाचं झाड, शेजारच्या मालतीची म्हैस, सगळं आम्हाला कळलं. मी हाडावरच्या आवरणात सुई रोवली, पापणीची पट्टी ओढली, बाईंनी गाठ मारली. पापणी डोळ्याला अशी अलगद टेकली की कात्रीसुद्धा गप्प बसली. चार-पाच दिवसांनी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा डोळा कोरडा होता. बाईंनी बजावलं, की औषधाच्या थेंबांशिवाय डोळ्यात काहीही घालायचं नाही, चोळायचं नाही. कमळाबाई हो हो म्हणत, हसत घरी गेल्या.

बारशाच्या दिवशी दुपारी वाल्मिक त्यांना घेऊन धावत आला. कमळाबाईंच्या अंगावर बारशाची नवी साडी होती. डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि कोपऱ्यातून पू येत होता. त्या पुवात काळं काळं मिसळलेलं होतं.

“हे काय घातलंत?” बाईंचा आवाज चढला. मी तो तसा पहिल्यांदाच ऐकला.

उत्तर वाल्मिकने दिलं. “काजय घातलं तिनं, डॉक्टरबाई. काल.”

“काजळ? ताज्या टाक्यावर? मी सांगितलं होतं ना, काही घालायचं नाही म्हणून!”

“माह्यासाठी नही घातलं, बाई,” कमळाबाई म्हणाल्या. “एरंडेलाचा दिवा लावला, तांब्याच्या वाटीवर काजयी धरली, तुपात खलली. लेकराले घालायच्या आधी आपल्या डोयात घालून पाहतेत. झोंबलं तं? खडा राह्यला तं? आमच्याकडं असंच करतेत. लेकराच्या दोन्ही डोयांत घालायचं, म्हून मी दोन्हीत घातलं.”

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. सकाळी घरी काय झालं ते वाल्मिकने सांगितलं. पाहुणे जमले होते, पाळणा सजला होता. कमळाबाई काजळाची डबी घेऊन पुढे आल्या. प्रमिलाने तो सुजलेला डोळा पाहिला, बाळाला पाळण्यातून उचललं आणि शेजारणीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिथेच बारसं उरकलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आजी जिन्यात बसून होती.

त्या दिवशी मी घातलेला टाका मीच पकडला आणि कात्रीने तो कापला. पू निघून गेला, पण पापणी पुन्हा खाली आली. मित्रांनो, आपण केलेलं काम आपल्याच जबड्यांनी उसवण्यासारखं दुःख दुसरं नाही. सुकदेव मला धूत होता तेव्हा मला कारागिराच्या मिशीचा तो केस आठवला, आणि घमेंड जरा उतरली.

कोपरा भरून यायला, सूज जायला बरेच महिने लागले. कमळाबाई तपासायला येत आणि प्रत्येक वेळी नातीची नवी बातमी आणत. गुड्डी पालथी पडली. गुड्डी बसायला लागली. गुड्डीला दात आला. हे सगळं त्यांनी दारातून पाहिलेलं असायचं. एकदा त्या म्हणाल्या, “आता रांगते, बाई. मी दिसले का उंबऱ्यापोत येते. मी हात पुढं करते, अन् तेवढ्यात सून उचलून घेते. पोरगी वयून वयून पाहते माह्याकडं.”

बाईंनी त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायला सुचवलं. आत व्रण धरला होता, पापणी आखडली होती, दुसऱ्या वेळी काम अवघड होणार होतं. खरं सांगायचं तर बाईंना भीती वाटत होती. झुंबरबाबांचा उघडा डोळा त्या विसरल्या नव्हत्या.

“तिथं मले कोन ओयखतं?” कमळाबाई म्हणाल्या. “तुमीच करा. बिघडलं तं बिघडू द्या. आता याच्याहून काय बिघडनार हाये?”

दुसरी शस्त्रक्रिया माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. कोपऱ्यात कठीण व्रण होता. माझी सुई एकदा वाकली, दुसरी घ्यावी लागली. या वेळी कमळाबाई गावच्या गोष्टी सांगत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, “बाई, चांगला गच्च बांधा. पुन्हा सुटाले नको.”

बाईंनी पट्टी ओढली, पहिली गाठ मारली आणि म्हणाल्या, “वर बघा. आता मिटा.”

डोळा मिटला, पण पुरता नाही. मध्ये सुपारीच्या कातरीएवढी फट राहिली. गच्च ओढलेली पापणी डोळ्याच्या गोलाव्याखाली घसरली होती. बाईंनी सुस्कारा टाकला, गाठ सोडवली.

“काहून सोडली?” कमळाबाई घाबरल्या.

“एवढं घट्ट बांधलं तर डोळा मिटणार नाही, कमळाबाई. मिटला नाही तर कोरडा पडेल. मग नात मांडीवर येईल, पण या डोळ्याने दिसणार नाही.”

बाईंनी टाका थोडा वर आणि थोडा आत घेतला, मला घट्ट धरलं, आणि या वेळी केसभर ढील ठेवून गाठ मारली. मग म्हणाल्या, “मिटा.” डोळा मिटला. “उघडा.” उघडला. पापणी जागेवर होती. सुकदेव दारात उभा होता, तो हळूच म्हणाला, “बराबर छे, बाई.”

दोन्ही डोळे सारखे झाले नाहीत, हे मी लपवणार नाही. डाव्याचा बाहेरचा कोपरा जरा गोल राहिला, डोळा जरा लहान दिसायला लागला. वारा सुटला की थोडं पाणी यायचंच. पण पापणी उलटली नाही. या वेळी बाईंनी प्रमिलालाही बोलावून घेतलं आणि डोळा पुसायची रीत शिकवली. कधी खाली ओढून पुसायचं नाही. मऊ फडकं घ्यायचं, खालून वर, नाकाकडे, नुसतं टिपायचं. काजळ तर नकोच, ना सासूच्या डोळ्यात, ना पोरीच्या. “हौस वाटली तर गालाला तीट लावा,” बाई म्हणाल्या.

मग एक दिवस तपासायला तिघी आल्या. कमळाबाई बाकावर बसल्या होत्या. बाईंनी पापणी चिमटीत धरून पुढे ओढली आणि सोडली. ती टपकन जागेवर बसली. प्रमिला हे बघत होती. तिने सासूच्या डोळ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग कडेवरची गुड्डी काढली आणि सासूच्या मांडीवर ठेवली.

“धरा, आत्याबाई,” ती म्हणाली.

मी ट्रेमध्ये पडून सगळं बघत होतो. मला वाटलं, आता कमळाबाईंच्या डोळ्यांना पूर येणार. पण त्यांनी ओठ दाबून धरले, मान वर केली आणि छताकडे पाहिलं. एक थेंब आला नाही. गुड्डीने आपलं इवलं बोट त्यांच्या डोळ्याच्या गोल कोपऱ्याला लावून पाहिलं, तरी त्या हलल्या नाहीत. त्यांना तेव्हा आनंद झाला की नाही, हेच मला कळेना. तो मला फार वर्षांनी कळला.

यानंतर मी कितीतरी पापण्या शिवल्या. लोक बाईंचं कौतुक करायचे, बाई कधी कधी माझं करायच्या. पण कुणाचेच दिवस सारखे नसतात. दवाखान्याला नवी पाटी लावायची होती आणि जुन्या पाटीचा खिळा निघत नव्हता. सुकदेवला पकड सापडेना. त्याने ट्रेमधून मला उचललं. होय मित्रांनो, मला! खिळा निघाला, पण माझा एक जबडा वाकला. बाईंनी मला उजेडात धरून पाहिलं. जबड्यांच्या मधून खिडकी दिसत होती. सुकदेवला त्या काही टाकून बोलल्या नाहीत, पण मला कपाटात परत न ठेवता खिडकीत ठेवलं. तिथे मी धूळ खात पडलो. माझ्या जागी नवा, चकचकीत चिमटा आला, आणि कात्री त्याच्याशी गोड बोलायला लागली.

एकदा कमळाबाई डोळा दाखवायला आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

“ह्यानंच शिवला ना माहा डोया?”

“यानेच. आता मोडला तो. टाकायचाय,” बाई म्हणाल्या.

“टाकता काहून? बारीक सुई धरत नसंल, तं जाडी धरंल. मले द्या.”

असा मी चाळीतल्या या डब्यात आलो. कमळाबाई गोधड्या शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थरावर थर, त्यातून दाभणासारखी सुई सहजी निघत नसे. ती मी ओढून काढायचो. काम आडदांड, पण काम होतं. गुड्डी शेजारी बसून मला उघडझाप करायची. तरीही दुपारी सगळं शांत झालं की मला त्या बारीक सुईची, केसाएवढ्या धाग्याची आणि बाईंच्या हलक्या बोटांची फार आठवण यायची. कमळाबाईंनाही दुपारीच गाव आठवायचं. लिंबाचं झाड, मालतीची म्हैस. आम्ही दोघं गुपचूप शिवत राहायचो.

१९९८ साली विजयरावांना पुण्याला नोकरी मिळाली आणि बाईंनी दवाखाना आवरायला घेतला. कमळाबाईंना ते कळलं तेव्हा त्यांच्या हातात एक गोधडी होती, हिरवी-निळी, गुड्डीच्या झबल्याचे तुकडे लावलेली. ती त्यांनी बाईंसाठी ठरवून टाकली. बाई निघायच्या दिवशी एक कोपरा शिवायचा राहिलाच होता, म्हणून त्यांनी मलाही पिशवीत टाकलं.

दवाखाना ओळखू येत नव्हता. कपाटं रिकामी, बाटल्या खोक्यांत, भिंतीवर पाटीच्या जागी चौकोनी डाग. कमळाबाई जुन्या बाकावर बसल्या आणि शेवटचा कोपरा शिवायला लागल्या. आठ वर्षांची गुड्डी त्यांना टेकून उभी होती. बाई बाहेर आल्या. कमळाबाईंनी गाठ मारली, दोरा तोडला, गोधडी त्यांच्या हातात दिली आणि काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. गालावरून ओघळून थेट माझ्यावर पडलं.

बाईंना सवयच ती. हातातली गोधडी बाजूला ठेवून त्या लगबगीने वाकल्या, चिमटीत पापणी धरली, ओढून सोडली. “अगंबाई, टाका सैल झाला की काय?”

पापणी टपकन जागेवर बसली. तेवढ्यात उजव्या डोळ्यातूनही पाणी आलं.

“टाका गच्च हाये, बाई,” कमळाबाई म्हणाल्या. “हे त्याचं पानी नही. हे रडू हाये.”

बाईंनी पापणीवरचा हात काढला.

“पोरगी मांडीवर दिली त्या दिसापासून रडले नही मी. पानी दिसलं का काढून नेतील, म्हून धरून ठेवलं. आता एवढी झाली ती. आता कोन नेतं?”

मग दोघीही रडल्या. गुड्डीने आधी आजीकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे. तिने परकराच्या खिशातून रुमाल काढला आणि आईने शिकवलेल्या रीतीने आजीचा डोळा टिपला. खालून वर, नाकाकडे, अगदी हलक्या हाताने.

बाई पुण्याला गेल्या. मी डब्यात आहे. त्यांच्या बोटांत पुन्हा एकदा जायला मिळावं असं मला रोज वाटतं, आणि ते होणार नाही हेही मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, तुमचं तसं नाही. तुमच्या घरी, शेजारी कुणा आजी-आजोबांच्या डोळ्यातून सारखं पाणी येत असेल, तर त्यांना रडके म्हणू नका, आणि त्यांच्यापासून लेकरं लपवू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. त्याआधी जवळ बसून एकदा विचारा, की आजी, हे पाणी आहे की रडू? विचारलं तर सांगतात. आणि त्यांचा डोळा पुसायचा झाला तर पदराने खसकन ओढू नका. कसं पुसायचं ते आमलीतल्या गुड्डीला विचारा, ती दाखवील.